तापीकाठचा गारठा आणि केळीबागांची जुनी-नवी तयारी

उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात पुढे सरकला की त्याच्या पाठोपाठ कोरडे, थंड वारे दक्षिणेकडे उतरतात आणि सातपुडा ओलांडून तापीच्या खोऱ्यात येतात. कधी कधी ते समुद्रापर्यंतही पोहोचतात. 22 जानेवारी 1962 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे 7.4 अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदवले गेले. किनाऱ्यावरच्या माणसांना आणि घरांना अशा गारठ्याची सवय नसते, हे लक्षात घेऊनच हवामान विभागाने थंडीच्या लाटेसाठी किनारपट्टीचा निकष वेगळा ठेवला आहे. मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांपर्यंत उतरावे लागते, तर किनाऱ्यावर 15 अंश पुरतात. दोन्हीकडे ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले पाहिजे. सोसणाऱ्याची ताकद पाहून उंबरठा ठरवावा, हे तत्त्व मला फार मोलाचे वाटते. रावेर, यावल, चोपडा या तापीकाठच्या तालुक्यांतील केळीला मात्र ते पुरते लागू झालेले नाही.

केळी हे मुळात उष्ण, दमट हवेचे पीक आहे. पारा 12 अंशांच्या खाली रेंगाळू लागला की तिची वाढ मंदावते, पाने पिवळी पडतात, निसवणीला (घड बाहेर पडण्याच्या अवस्थेला) आलेला घड पोग्यातच, म्हणजे गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतच, अडकतो आणि फळाच्या सालीखाली तपकिरी रेषा उमटतात. बागायतदार याला ‘चरका’ म्हणतात. ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीच्या बागेची, म्हणजे ‘कांदेबागे’ची, रोपे ऐन थंडीत कोवळी असतात, त्यामुळे तिला धोका अधिक असतो.

या थंडीवरचे उपाय जुने आहेत: पहाटे बांधावर ओलसर पालापाचोळा पेटवून धूर करणे, रात्री विहिरीचे तुलनेने उबदार पाणी देणे, वाळलेल्या पानांनी घड झाकणे. हे उपाय कधी लागू पडतात, याचे शास्त्रीय उत्तर शोधण्याचे काम पुण्यात सुरू झाले. तेथे 1932 मध्ये हवामान विभागाची कृषी हवामानशास्त्र शाखा एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून नसते, ती तिच्या थोडी वर असते, हे रामदासांच्या मोजणीतून त्याच काळात पुढे आले. अशा निवांत रात्री धुराचे आच्छादन जमिनीची ऊब काही प्रमाणात धरून ठेवते. वारा सुटलेल्या रात्री तसे होत नाही. धूर शेजारच्या शिवारात निघून जातो, वाहती थंड हवा झाडाची ऊब सतत काढून नेते, आणि केळीचे रुंद पान शिरांच्या रेषेत फाटत जाऊन सकाळी झालरीसारखे लोंबताना दिसते.

म्हणून वाऱ्याच्या थंडीची तयारी एका रात्रीत होत नाही; ती लागवडीच्या वेळीच करावी लागते. बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवताचे दाट कुंपण लावण्याची पद्धत खान्देशात आहे, आणि असे कुंपण आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते. तथापि, उन्हाळ्यातील झळा पश्चिमेकडून येतात म्हणून केवळ ती बाजू राखली, तर जानेवारीतल्या वाऱ्याला उत्तरेची बाजू उघडीच राहते. बुटक्या बसराई वाणाच्या जागी ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरने तयार केलेला) ग्रँड नैन हा अधिक उंच वाण आल्यापासून उत्पादन वाढले, पण वाऱ्याला अडवण्याची गरजही वाढली.

पूर्वसूचनेची व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. शेतकऱ्यांसाठीचे हवामान वृत्त आकाशवाणीवरून 1945 पासून दिले जाऊ लागले, आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार कृषी सल्ला निघतो. थंडीची लाट आणि हिमदव (गोठलेले दव) यांचा केंद्राच्या आपत्तींच्या यादीत समावेश 2012 मध्ये झाला.

मदतीचा उंबरठा मात्र दूरच आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्याच्या अलीकडच्या निकषांनुसार केळीला कमी तापमानाची भरपाई मिळण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस पारा 8 अंश किंवा त्याखाली राहावा लागतो, तर वेगवान वाऱ्याचा विचार मार्च ते जुलै याच काळात होतो. पारा 9 अंशांवर असताना वारा सुटून फाटलेली जानेवारीतली बाग या दोन्ही रकान्यांत बसत नाही, आणि अशा बागेचा खर्च आजही बागायतदारालाच सोसावा लागतो.