डान्स मॅटवर उडी का लागत नाही, त्यामागची जुनी भानगड

जळगाव-भुसावळकडं कोणी जुनी डान्स मॅट, म्हणजे पडद्यावर येतील ते बाण पायानं दाबायची चटई, लॅपटॉपला जोडली आणि इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, गेम लावला की तक्रार ठरलेली, भो, एकेक बाण बरोबर लागून राहिला पण डावा आणि उजवा एकदम आला की कितीही जोरात उडी मारा, मिस. मग कोणी म्हणतं मॅट गेली, कोणी इम्युलेटरला शिव्या घालतं, आणि कोणी सरळ गोलाणी मार्केटला जाऊन मॅट कॉम्प्युटरला जोडायचा दुसरा अडॅप्टर घेऊन येतं, तोही तसाच निघतो. मॅट बिचारी बहुतेक वेळा ठणठणीत असते. ही भानगड जुनी आहे आणि तिचं मूळ शोधायला टीव्ही गेमच्या जमान्यात जावं लागतं.

पायानं खेळायची मॅट डान्सवाल्यांनी काढली असं सगळ्यांना वाटतं, पण नाही. बांदाई कंपनीनं १९८६ मध्ये जपानात निन्टेंडोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रासाठी फॅमिली ट्रेनर नावाची मॅट आणली, बारा बटणांची, चार उभ्या रांगा आणि तीन आडव्या. अटारी २६०० या गेमयंत्रालाही १९८७ मध्ये फूट क्रेझ नावाची पाच बटणांची छोटी मॅट आली होती, तिचं फार काही झालं नाही. बांदाईची मॅट अमेरिकेत फॅमिली फन फिटनेस नावानं गेली, मग निन्टेंडोनं तिचे हक्कच घेऊन टाकले आणि १९८८ मध्ये ती पॉवर पॅड म्हणून विकायला काढली. तिच्यासोबतचा स्टेडियम इव्हेंट्स हा गेम नाव बदलून वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट झाला, जुन्या नावाच्या कॅसेटी बाजारातून गायब झाल्या, आणि त्यातली एक सीलबंद कॅसेट २०१० मध्ये लिलावात ४१ हजार डॉलरच्या वर गेली. खेळ आतून जवळपास तोच बरं का, फक्त डब्यावरचं नाव वेगळं!

या मॅटची गंमत लांब उडीत होती. पोरगं धावतं म्हणजे दोन बटणं आलटून पालटून दाबली जातात, हे गेमला कळतं. पण उडी? उडी म्हणजे मॅटवर कोणतंच बटण दाबलेलं नाही, तेवढ्यावरून गेम ठरवतो की गडी हवेत आहे, आणि जितका वेळ मॅट रिकामी तितकी उडी लांब. मग पोरं काय करणार, मॅटवरून हळूच बाजूला उतरायची, थोडं थांबायची आणि परत पाय टेकवायची, की झाली लांबच लांब उडी. धावायच्या शर्यतीत तर गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी बडवायचं. जगभर हेच चाललं होतं, त्याला देशाची हद्द नाही.

आणि ज्यांनी पोगोवर जावेद जाफरीच्या आवाजात ताकेशीज कॅसल बघत जेवणं केली त्यांच्यासाठी एक खबर, त्या कार्यक्रमाचा गेमसुद्धा याच फॅमिली ट्रेनर मॅटवर निघाला होता. आपल्याकडं तो यायचा प्रश्नच नव्हता. आपल्या टीव्ही गेमला रिमोट (हातातला कंट्रोलर) आणि बंदुकीसाठी बहुतेक नऊ पिनांचे पोर्ट, जपानी मॅटचा प्लग पंधरा पिनांचा, मॅट कोणी आणली असती तरी लावली कुठं असती. खान्देशात टीव्ही गेम म्हणजे मारिओ, कॉन्ट्रा आणि लाईट गेली की संपलं. लोडशेडिंगच्या वर्षांत तर आठवी लेव्हल बघितलेला पोरगा गल्लीत पुढारी असायचा.

मुद्दा असा की त्या जुन्या मॅटला स्वतःची वेगळी ओळख होती. गेमला माहीत असायचं की समोर मॅट आहे, बारा बटणं वेगवेगळी मोजायची आहेत. म्हणून एफसीईयूएक्स किंवा नेस्टोपियासारख्या इम्युलेटरात आजही दुसऱ्या पोर्टला पॉवर पॅड निवडता येतो आणि बारा बटणं एकेक करून नेमता येतात. आपली मॅट तीन बाय तीनची, तिथं बारा घरं कुठून आणणार, पण एकट्याला धावायला डाव्या बाजूच्या दोन उभ्या रांगा पुरतात, तेवढं नेमलं की शर्यत सुरू.

खरा घोळ पुढं झाला. कोनामीनं १९९८ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या मशीनवर, डान्स डान्स रिव्होल्यूशन आणलं, चार बाणांचं, आणि १९९९ मध्ये ते प्लेस्टेशनवर घरी आलं. घरच्या मॅटला त्यांनी नवीन ओळख दिलीच नाही. कन्सोलच्या, म्हणजे गेमयंत्राच्या, नजरेत ती साधा रिमोटच, वरच्या बाणावर पाय म्हणजे अधिक चिन्हाच्या बटणाचं वर, डाव्यावर पाय म्हणजे डावं. बहुरूप्यानं फौजदाराचा वेष घ्यावा तसं. आता साध्या रिमोटवर अंगठ्यानं डावं आणि उजवं एकदम दाबता येत नाही, ते प्लास्टिकच तसं मध्ये टेकलेलं असतं. पण आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला त्याचं काही नाही, प्लेस्टेशनचा रिमोट प्रत्येक बटणाची हो-नाही वेगळी पाठवतो, डाव्याची वेगळी, उजव्याची वेगळी. दोन पायांनी दोन्ही दाबा, दोन्ही पोचतात. त्यामुळं असली मॅट खऱ्या प्लेस्टेशनला लावली की उडी लागते, कोणाला शंकाही येत नाही.

मग मंडळींना ती कॉम्प्युटरला लावायची हौस आली. सुरुवातीला यूएसबी अडॅप्टर सहज मिळायचे नाहीत तेव्हा लोकं प्रिंटरच्या पोर्टला वायरी सोल्डर करायची, पाच डायोड लावून तिथूनच करंट घ्यायचा, आणि डायरेक्टपॅड प्रो नावाचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला मॅट ओळखायला लावणारा प्रोग्रॅम) विंडोज ९८ वर टाकायचा. कटकट होती पण उडी लागायची. नंतर स्वस्त यूएसबी अडॅप्टर आले आणि त्यांच्या बनवणाऱ्यांनी, बहुधा रेसिंग गेम डोळ्यापुढं ठेवून, ते बाण बटणं म्हणून न पाठवता जॉयस्टिकच्या दांड्यासारखे पाठवले. दांडा एका वेळी एकाच जागी असतो, डावीकडं ०, उजवीकडं २५५, मध्ये १२७ किंवा १२८. दोन्ही पाय दाबले की अडॅप्टर एकतर एकच बाजू सांगतो नाहीतर म्हणतो दांडा मध्येच आहे, म्हणजे काहीच दाबलं नाही. झाली मिस.

२००१ साली स्टेपमॅनिया नावाचा फुकट, मुक्त सोर्सचा प्रोग्रॅम आला आणि कन्सोल नसलेल्यांनाही मॅट कॉम्प्युटरवर नाचायला मिळाली, त्याच्याच जोरावर २००४ मध्ये इन द ग्रूव्ह हा आर्केड गेम निघाला, त्यावर कोनामीनं कोर्टात खेचलं आणि शेवटी तो गेमच कोनामीकडं गेला, ती वेगळी कथा. त्यातून एक झालं, की मॅटवाल्यांचा आवाज ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपर्यंत पोचला. लिनक्सच्या एक्सबॉक्स पॅडच्या ड्रायव्हरमध्ये बाण दांड्याऐवजी बटणं म्हणून मोजायची खास सोय आहे, ओळखीच्या डान्स मॅटना ती आपोआप लागते. इम्युलेटरांत मात्र अजून एक कुलूप असतं. खऱ्या रिमोटवर डावं-उजवं एकदम शक्यच नाही आणि तसं दाबलं तर काही जुने गेम वेड्यासारखे करतात, म्हणून बरेच इम्युलेटर ते मुद्दाम अडवतात. एफसीईयूएक्समध्ये ते चालू करायचा पर्याय आहे, मला विचाराल तर मॅटवाल्यानं पहिला तोच बघावा.

आपल्याकडं नंतर ज्या मॅट आल्या त्या टीव्ही आणि पीसी दोन्हीला चालणाऱ्या, आत थोडे गेम भरलेले, पातळ. उघडून बघा, दोन प्लास्टिकचे कागद, त्यांच्यावर काळ्या कार्बनच्या रेघा, मध्ये भोकांचा फोम. पाय पडला की भोकातून वरचा कागद खालच्याला टेकतो, बस्स. घडी घालून माळ्यावर टाकली आणि वरून आपला मे महिना, पत्र्याखाली काय तापतं ते खान्देशात सांगायला नको, फोम बसतो आणि मग पाय नसतानाही बाण दाबलेला राहतो. गुंडाळून ठेवलेली जास्त टिकते. गुळगुळीत फरशीवर घसरते म्हणून खाली प्लायवूड टाकून कडा टेपनं चिकटवायच्या.

दुसरा अडॅप्टर घ्यायचाच असेल तर मॅट आणि लॅपटॉप दुकानातच घेऊन जा. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत डावा आणि उजवा हातानं एकदम दाबून बघा, दोन वेगळे दिवे लागले तर घ्या, अधिकचं चिन्ह मध्येच राहिलं किंवा एकाच बाजूला गेलं तर दुकानदाराला तिथंच परत द्या, त्यानं चॉकलेटसारखे पाच रंग दाखवले तरी.