लीड आणि टेनर: ब्लूग्रासमध्ये चाल कुणाच्या गळ्यात असते?

ब्लूग्रास म्हणजे बँजो, मँडोलिन, गिटार अशा वाद्यांवरचं अमेरिकी ग्रामीण संगीत. त्याची जुनी रेकॉर्डिंग्ज पहिल्यांदा ऐकताना एक गफलत हमखास होते. माझीही बरीच वर्षं होत होती. ध्रुवपदाला दोन गळे एकत्र आले, की वरचा धारदार आवाज कान व्यापून टाकतो आणि आपण त्यालाच मुख्य गायक समजून बसतो. गाण्याची चाल मात्र बहुतेक वेळा खालच्या आवाजात असते. चाल धरतो तो लीड. त्याच्या वरच्या सुरात साथ करतो तो टेनर.

‘टेनर’ या शब्दाने गोंधळ आणखी वाढतो. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात तो पुरुषाच्या आवाजाची जात सांगतो, तर ब्लूग्रासमध्ये तो कामाचं नाव आहे. साधारण हिशेब असा: लीड ‘सा’वर असला तर टेनर ‘ग’वर, लीड ‘ग’वर गेला तर टेनर ‘प’वर, आणि लीड ‘प’ला पोचला तर टेनर तार ‘सा’ला. शब्द तेच आणि क्षणही तोच. आपल्या पोवाड्यातला झीलकरी शाहिराची ओळ झेलतो, पण शाहिराची ओळ संपत आल्यावर. टेनरला तेवढीही सवड नाही. लीड कुठला शब्द ओढणार, कुठे श्वास घेणार, हे त्याला आधीच उमगलेलं असावं लागतं.

हा फरक ऐकायचा तर गायक मॅक वाइजमनइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. व्हर्जिनियातल्या क्रिमोराचा हा माणूस, जन्म १९२५चा. लहानपणी पोलिओ झालेला. सुरुवातीला गायिका मॉली ओ’डेच्या मागे बास वाजवायचा. १९४८मध्ये तो गायक लेस्टर फ्लॅट आणि बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्या नव्या बँडमध्ये गेला. तिथे लीड फ्लॅटचा, म्हणजे मालकाचा, वाइजमन टेनर. पुढच्याच वर्षी तो ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोकडे गेला आणि सगळं उलटं झालं. मन्रो बँडचा मालक, पण ध्रुवपदात टेनर गायचा तो स्वतः आणि लीड द्यायचा गिटारवाल्या नोकरदाराला. म्हणजे लीड गातो तो मालक आणि टेनर गातो तो साथीदार, हाही समज चुकीचाच.

टेनरच्याच जागेवर जन्म काढलेला माणूस म्हणजे कर्ली सेक्लर. १९४९मध्ये तो फ्लॅट-स्क्रग्जकडे आला. त्यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या जुन्या चित्रफिती पाहाव्यात: सगळ्यांना मिळून एकच माईक. कडवं फ्लॅट एकटा म्हणतो. ध्रुवपद आलं, की सेक्लर मँडोलिन सांभाळत पुढे येतो, फ्लॅटच्या खांद्याशी खांदा लावून गातो, आणि शेवटचा सूर सुटताक्षणी मागे सरकून बँजोला वाट करून देतो. मँडोलिनवर त्याचा एकल तुकडा फारसा नसतोच, तो बहुतेक ताल धरून असतो. तरी त्याचा सूर वगळला, तर ते ध्रुवपद अर्धंमुर्धं वाटेल, असं मला मनापासून वाटतं. २००४मध्ये ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. २०१७च्या डिसेंबरात, ९८ वर्षांचा होऊन तो गेला.

कडवं एकट्याने म्हणणारा तो लीड, ही खूण बरीच कामाची आहे, पण मन्रोच्या बाबतीत ती फसते. कितीतरी गाण्यांत तो कडवं स्वतः म्हणतो आणि ध्रुवपदाला वर चढून टेनर होतो. ऑसबॉर्न ब्रदर्स या बँडने तर तीन आवाजांत गाताना चालच सर्वांत वर ठेवली आणि बाकीचे दोन्ही सूर तिच्याखाली आणले. त्याला ‘हाय लीड’ म्हणतात. म्हणून लीड ओळखताना आवाजाच्या उंचीवर जाऊ नये. मनात गुणगुणताना जी ओळ आपसूक ओठांवर येते, ती लीडची.

वाइजमन १९५१पासून डॉट रेकॉर्ड्ससाठी स्वतःच्या नावावर गाऊ लागला. २००७मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, त्याने गायक-गीतकार जॉन प्राइनबरोबर अख्खा अल्बम केला. २०१४मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि २०१९मध्ये वारला. पण कान तयार करायचा असेल, तर त्याची सुरुवातीची दोनच गाणी लागोपाठ लावावीत: फ्लॅट-स्क्रग्जबरोबरचं १९४८चं ‘वी’ल मीट अगेन स्वीटहार्ट’ आणि मन्रोबरोबरचं १९४९चं ‘कान्ट यू हिअर मी कॉलिन’. गळा तोच, पण पहिल्यात तो फ्लॅटच्या वर आहे आणि दुसऱ्यात मन्रोच्या खाली.