महाराष्ट्राच्या राज्यशासनाची घडण: मुंबई प्रांताचा वारसा

महाराष्ट्राचे शासन राज्यपाल, मंत्रिमंडळ आणि विधिमंडळ या तीन अंगांनी चालते. ही घडण १ मे १९६० रोजी राज्याबरोबर जन्मली नाही आणि संविधानकर्त्यांनीही ती कोऱ्या कागदावर आखली नाही. तिचा मोठा भाग मुंबई प्रांताकडून आलेला आहे. राज्यपालांच्या अधिकारांवरून आज जे वाद होतात, त्यांचे मूळही मला तिथेच दिसते.

१८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात कायदे मंडळ आले आणि १८६२ मध्ये ते प्रथम भरले. त्यात नेमणूक झालेल्या हिंदी (म्हणजे भारतीय) सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. हे मंडळ मुख्यतः सल्ला देणारे होते, सत्ता सर्वस्वी गव्हर्नराकडे होती. १९१९ च्या कायद्याने द्विदल राज्यपद्धती आणली. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती लोकप्रतिनिधींतून नेमलेल्या मंत्र्यांकडे गेली, तर पोलीस, जमीन महसूल आणि अर्थ ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाच्या हाती राहिली. शाळा काढण्याची जबाबदारी एकाची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, अशा व्यवस्थेत मंत्री विधिमंडळाला खऱ्या अर्थाने जबाबदार राहणे शक्यच नव्हते.

आजच्या रचनेचा साचा १९३५ च्या कायद्यात आहे. या कायद्याचे दोन भाग होते: अखिल हिंदी संघराज्य आणि प्रांतिक स्वायत्तता. संस्थाने सामील न झाल्यामुळे संघराज्याचा भाग कधीच अमलात आला नाही, प्रांतांचा मात्र १ एप्रिल १९३७ पासून सुरू झाला. म्हणून स्वतंत्र भारताला प्रत्यक्ष वापरात तावून निघालेली व्यवस्था मिळाली ती प्रांतांची. मुंबईत विधानसभा व विधान परिषद अशी दोन सभागृहे आली आणि सगळी खाती मंत्र्यांकडे गेली. तरीही गव्हर्नराकडे काही ‘विशेष जबाबदाऱ्या’, म्हणजे मंत्र्यांचा सल्ला डावलून स्वतः निर्णय घेण्याच्या बाबी, राखून ठेवलेल्या होत्या. त्यांचा वापर दैनंदिन कारभारात ढवळाढवळ करण्यासाठी होणार नाही अशी हमी काँग्रेसने मागितली, त्यामुळे बहुमत असलेल्या प्रांतांतही तिने काही महिने मंत्रिमंडळे बनवली नाहीत. मुंबईत बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ जुलै १९३७ मध्ये अधिकारावर आले. १९३९ मध्ये, हिंदी लोकांना न विचारता देशाला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ, त्याने राजीनामा दिला आणि १९३५ च्या कायद्याच्या कलम ९३ खाली गव्हर्नराने सगळा कारभार स्वतःकडे घेतला.

संविधान सभेपुढे म्हणूनच राज्यपाल कसा निवडावा हा प्रश्न कळीचा होता. राज्यपाल जनतेने थेट निवडावा, असे १९४७ मध्ये ठरले होते. मे १९४९ मध्ये सभेने तो निर्णय बदलला आणि राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल स्वीकारला. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांच्याच प्रतिनिधींचा मुख्यमंत्री एकाच राज्यात एकमेकांसमोर उभे राहतील, ही भीती त्यामागे होती, आणि ती रास्त होती. पण त्या बदलाची किंमतही होती. विधानसभेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाच्या शिरोभागी केंद्राच्या मर्जीने नेमलेली व्यक्ती आली, आणि कलम ९३ चा वारस म्हणून राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ संविधानात राहिले. ते क्वचितच वापरावे लागेल अशी डॉ. आंबेडकरांची आशा होती. पुढील दशकांत ते वारंवार वापरले गेले. बहुमताचा निवाडा राजभवनात नव्हे तर सभागृहात व्हावा, हे तत्त्व ठामपणे प्रस्थापित व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा बोम्मई निकाल यावा लागला.

राज्यांचे अस्तित्वच संसदेच्या हाती आहे, हीदेखील याच घडणीची एक बाजू. कलम ३ नुसार संसद राज्याच्या सीमा बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत विचारावे लागते, पण ते बंधनकारक नसते. १९५६ चे द्वैभाषिक मुंबई राज्य असेच संसदेच्या कायद्याने झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर १९६० मध्ये ते मोडलेही संसदेच्याच कायद्याने. महाराष्ट्राने दोन्ही सभागृहे कायम ठेवली. विधानसभेच्या २८८ जागा १९७८ च्या निवडणुकीपासून आहेत, तर विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी १२ राज्यपाल नेमतात. २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर पंधरा टक्क्यांची मर्यादा घातल्यामुळे येथे मुख्यमंत्री धरून ४३ हून अधिक मंत्री असू शकत नाहीत.

१९३५ च्या कायद्यातील तो ‘विशेष जबाबदारी’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या बाबतीत आजही जिवंत आहे. कलम ३७१(२) प्रमाणे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे स्थापणे व विकासनिधीचे न्याय्य वाटप करणे याची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात. ही तरतूद १९५६ ची असली, तरी मंडळे प्रत्यक्ष आली ती १९९४ मध्ये, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.