पार्श्वभूमी : मुंबईतील निसर्गविज्ञान, वस्तुसंग्रहालय आणि विद्यापीठ

विद्यापीठातील ज्ञान वस्तुसंग्रहालयाच्या वाटेने सर्वसामान्यांपर्यंत पोहोचावे, ही कल्पना मुंबईत तरी नवी नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या राणीच्या बागेतील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ निसर्गप्रेमी जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना केली. त्यांपैकी सहा जण युरोपीय होते. उरलेले दोघे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या परंपरेत घडलेले मराठी डॉक्टर होते. डॉ. आत्माराम पांडुरंग हे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे धाकटे बंधू आणि प्रार्थना समाजाचे संस्थापक, डॉ. सखाराम अर्जुन हे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. ज्या संग्रहालयात ही सभा भरली, त्याच्या उभारणीसाठी झटलेले डॉ. भाऊ दाजी हेही याच वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. महाविद्यालय, संग्रहालय आणि अभ्यासकांची मंडळी यांचा संबंध त्या काळी कोणत्याही लेखी करारावर उभा नव्हता. तीच ती माणसे तिन्ही ठिकाणी वावरत होती, एवढाच त्याचा आधार होता.

पहिले काही महिने सभासद दरमहा या संग्रहालयातच भेटत. १८८४ च्या जानेवारीत मद्याचे व्यापारी एच. एम. फिप्सन यांनी फोर्ब्ज स्ट्रीटवरील आपल्या कचेरीतील खोली देऊ केली आणि सोसायटीचा संसार तेथे हलला. १८८६ पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले. महाविद्यालयातील अध्यापकांना आपले संशोधन प्रसिद्ध करण्यासाठी त्यामुळे एक जागा मिळाली, आणि तिचा सर्वाधिक लाभ बहुधा सेंट झेवियर्स महाविद्यालयाने घेतला. तेथे वनस्पतिशास्त्र शिकवणारे स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०६ मध्ये सुरू केलेला वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांच्या ताडवर्गीय झाडांवरील आणि इतर वनस्पतींवरील लेखमाला सोसायटीच्या नियतकालिकातून आल्या. मुंबई इलाख्यातील गवतांवरचे पुस्तक तर त्यांनी सोसायटीत काम करणाऱ्या चार्ल्स मॅककॅन यांच्यासह लिहिले.

मात्र हा सारा व्यवहार जाणकारांपुरता होता. शाळकरी मुलगा किंवा गिरणीतला कामगार रविवारी येऊन पाहू शकेल असे काही हवे असेल, तर त्यासाठी मोठी इमारत आणि सार्वजनिक संस्था लागणार होती. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसली. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, परंतु महायुद्धामुळे तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी झाला आणि संग्रहालय प्रत्यक्ष उघडले ते १० जानेवारी १९२२ रोजी. त्याच्या निसर्गविज्ञान विभागाची उभारणी सोसायटीच्या मदतीने झाली, आणि एस. एच. प्रॅटर यांनी दोन दशकांहून अधिक काळ दोन्ही संस्थांच्या अभिरक्षकपदाची धुरा वाहिली.

या विभागाची मांडणी हा माझ्या मते सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा भाग आहे. पेंढा भरलेले प्राणी फळीवर ओळीने ठेवायचे आणि खाली लॅटिन नावाची चिठ्ठी लावायची, ही जुनी पद्धत अभ्यासकाला पुरेशी होती. ज्याने जंगल पाहिलेले नाही, त्याला त्यातून फारसे काही कळत नसे. येथे मात्र प्राणी त्याच्या अधिवासासह दाखवण्याची रीत स्वीकारण्यात आली. काचेमागे रंगवलेली पार्श्वभूमी, पुढे माती, दगड आणि पाने, आणि त्यांच्यामध्ये रोहित पक्षी, धनेश, गवा किंवा वाघ अशा ढंगात उभा केलेला की तो काय खातो, कोठे घरटे करतो, कोणासोबत राहतो, हे न वाचताही उमगावे. असा एक देखावा उभा करण्यासाठी प्राणिशास्त्राचे ज्ञान, नमुन्यांचा संग्रह आणि चित्रकार व कारागिरांचा हात एकत्र यावा लागतो. एकट्या संस्थेच्या आवाक्यातले हे काम नव्हते.

देखावा बोलका असला तरी समोरच्या माणसाच्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही, म्हणून १९२६ मध्ये या विभागात गाइड लेक्चरर, म्हणजे मार्गदर्शक व्याख्याता, नेमण्यात आला. महिना ३५० रुपये पगाराच्या त्या जागेवर आलेले तरुण गृहस्थ म्हणजे सालिम अली. १९०८ मध्ये एका अनोळखी चिमणीची ओळख पटवण्यासाठी सोसायटीच्या दारात आलेल्या या मुलाने पुढे सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले खरे. पण विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामधील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नव्हती. विद्यापीठाच्या चौकटीत जे बसले नाही, त्याला संग्रहालयाने जागा दिली, याची नोंद घ्यायला हवी.

१९२८ मध्ये त्यांनी अभ्यासरजा घेतली आणि ते बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. लोकांसाठीचे प्रदर्शन आणि संशोधकांसाठीचा संग्रह वेगवेगळे ठेवण्याची पद्धत त्या संग्रहालयाने १८८९ मध्ये नव्या इमारतीत जातानाच अवलंबली होती. दोन्ही भाग एकाच छपराखाली चालत. १९३० मध्ये सालिम अली परतले, तेव्हा निधीअभावी त्यांची मुंबईतील जागा रद्द झालेली होती. ते अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी सुगरणीच्या विणीचा जो अभ्यास केला, तो पक्षिशास्त्रात गाजला. विज्ञानाचा त्यात लाभच झाला, हे मान्य. पण संग्रहालयाच्या दालनात उभे राहून येणाऱ्यांना समजावून सांगणारा माणूस गेला, आणि ती हानी कोणत्याही शोधनिबंधात मोजली गेली नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारी मदतीने शाळकरी मुलांसाठी निसर्गशिक्षणाची योजना सोसायटीने हाती घेतली, आणि संग्रहालयातील देखावे मुलांच्या सहलींचे ठिकाण बनले. दुसऱ्या बाजूला, पन्नाशीच्या दशकात मुंबई विद्यापीठाने पदव्युत्तर संशोधनासाठी सोसायटीला मान्यता दिली आणि ज्यांना स्वतःला पदवीअभावी नोकरी नाकारली गेली होती, ते सालिम अली आता पदवीच्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले. त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने सुगरण कुळातील पक्ष्यांचाच अभ्यास केला. १९६५ मध्ये सोसायटीला संग्रहालयाच्या आवाराला लागूनच ‘हॉर्नबिल हाउस’ ही स्वतःची वास्तू मिळाली आणि पक्षी, सस्तन प्राणी, सरपटणारे प्राणी व कीटक यांचे लाखाहून अधिक नमुने तेथे संशोधकांसाठी सांभाळले जाऊ लागले.

विद्यापीठाच्या मान्यतेमुळे संशोधनाच्या बाजूला नियम, मार्गदर्शक आणि पदवी यांचा कायमचा आधार मिळाला. लोकशिक्षणाची बाजू मात्र अनुदाने, देणग्या आणि एखाद्या अधिकाऱ्याचा उत्साह यांवरच अवलंबून राहिली. दालनात समजावून सांगण्याचे काम विद्यापीठाच्या लेखी अध्यापनात मोजले जात नाही, आणि संग्रहालयाच्या अंदाजपत्रकात ते पहिल्या कात्रीत सापडते. १९३० मध्ये नेमके हेच घडले होते. विद्यापीठ आणि संग्रहालय यांच्या भागीदारीच्या नव्या आराखड्यांमध्ये इमारती, प्रदर्शने आणि सामंजस्य करार यांच्यासाठी तरतूद दिसते, तेव्हा त्यात दालनात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पगाराची ओळ आहे की नाही, आणि ती किती वर्षांसाठी आहे, हे आधी तपासावे लागते.