एक ‘हॅव’, अनेक स्पॅनिश : इंग्रजी काळांच्या शिकवणीची पार्श्वभूमी

स्पॅनिश मातृभाषा असलेला विद्यार्थी इंग्रजी शिकू लागला की ‘डू’ आणि ‘डझ’ अंगवळणी पडायला वेळ लागतो. तृतीयपुरुषी एकवचनातला ‘एस’ वर्षानुवर्षं गळत राहतो. पण या चुकांमुळे अर्थ सहसा बिघडत नाही. तो बिघडतो ‘हॅव’ लावून होणाऱ्या पूर्ण वर्तमानकाळात. स्पॅनिशमध्ये तसंच दिसणारं रूप आहे : ‘ए कोमिदो’ आणि ‘आय हॅव ईटन’ यांची बांधणी एकच. या साम्यामुळेच घोटाळा होतो, आणि त्यात स्पॅनिश व्याकरणकारांच्या नावं ठेवण्याच्या पद्धतीचा वाटा मोठा आहे.

कास्तिलियन स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण 1492 चं, इंग्रजीचं 1586 चं. दोन्ही लॅटिनच्या साच्यातून निघाली आणि काळांच्या नावांवरही लॅटिनची छाप राहिली. नावं सारखी म्हणून अर्थही सारखा, हा समज तिथून चालत आला.

1847 साली चिलीत सांतियागोला एक स्पॅनिश व्याकरण प्रसिद्ध झालं. ते अमेरिका खंडातल्या लोकांच्या वापरासाठी आहे, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं. कराकसमध्ये जन्मलेल्या त्याच्या लेखकाने काळांची परंपरागत नावं बाजूला ठेवली आणि प्रत्येक काळाचं दुसऱ्या काळाशी असलेलं नातं नावातच गुंफलं. साधा भूतकाळ ‘प्रेतेरितो’, त्याच्या जोडीने चालू असलेला ‘कोप्रेतेरितो’, आणि वर्तमानाच्या आधी घडलेलं पण वर्तमानाला धरून असलेलं ते ‘आंतेप्रेसेंते’. इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ समजावून सांगायला याहून नेमकं स्पॅनिश नाव मला दिसत नाही. मेक्सिकोच्या शाळांत या नावांची परंपरा आजही टिकून आहे.

स्पेनने ती उचलली नाहीत. तिथल्या शाळांत ‘ए कोमिदो’ला ‘प्रेतेरितो पेर्फेक्तो’ आणि ‘कोमी’ला, म्हणजे साध्या भूतकाळाला, ‘प्रेतेरितो इंदेफिनिदो’ म्हणत. 1973 मध्ये माद्रिदहून अधिकृत व्याकरणाचा नवा आराखडा आला आणि त्याने दोन्ही रूपांना ‘पेर्फेक्तो’ म्हटलं, एकाला संयुक्त, दुसऱ्याला साधं. स्पॅनिशपुरतं पाहिलं तर हे समर्थनीय आहे, कारण दोन्ही रूपांत क्रिया पूर्ण झालेली असते. इंग्रजी शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा निर्णय घातक ठरला. ‘आय एट’ला जुळणारं रूपही आता ‘परफेक्ट’ झालं. 2009 च्या अधिकृत व्याकरणाने सांतियागोची नावं शेजारी नोंदवली हे चांगलं झालं, पण मुख्य नावं 1973 चीच ठेवली. वर्गांतून ‘इंदेफिनिदो’ अजूनही गेलेला नाही. एकाच साध्या भूतकाळाला तीन नावं, आणि कुठलं ऐकायला मिळेल ते देशावर आणि पुस्तकावर अवलंबून.

शिवाय हे रूप सगळीकडे सारखं वापरलंही जात नाही. माद्रिदचा माणूस सकाळच्या नाश्त्याविषयी संध्याकाळीही ‘ए देसायुनादो’ म्हणतो, कारण दिवस तोच आहे. मग तो इंग्रजीतही संध्याकाळी ‘आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग’ म्हणून बसतो, आणि ते चुकतं. मेक्सिको सिटी किंवा ब्युनोस आयर्समध्ये अशा वेळी ‘देसायुने’ म्हणतात. स्पेनच्याच गॅलिसिया, अस्तुरियास आणि कॅनरी बेटांतही साध्या रूपाकडेच कल आहे. मेक्सिकोत संयुक्त रूप मुख्यतः अजून चालू असलेल्या किंवा पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींसाठी येतं, आणि ‘आय हॅव ऑलवेज लिव्ड हिअर’मधला अर्थ नेमका तोच आहे. म्हणजे या वापरापुरता मेक्सिकन विद्यार्थी माद्रिदच्या विद्यार्थ्यापेक्षा इंग्रजीच्या जवळ आहे. माद्रिदची बोली प्रमाण मानून लिहिलेलं पुस्तक त्याचा हा फायदा हिरावून घेतं, याचं वाईट वाटतं.

एका वाक्याशी मात्र सगळेच अडतात. ‘बिबो आकी देस्दे आसे दिएस आन्योस’ यात क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे. आपणही ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’ असंच म्हणतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही अडचण सांगावी लागत नाही. इंग्रजीला इथे ‘हॅव लिव्ड’च लागतं.

या फरकांचा शिस्तीने अभ्यास सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. 1941 मध्ये मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरला लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग निघाले. शिकायची भाषा आणि मातृभाषा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय चांगला पाठ बनत नाही, ही तिथली भूमिका 1945 च्या एका पुस्तकातून जगभर गेली. 1957 मध्ये तिथूनच दोन भाषांच्या तुलनेची रीतसर पद्धत मांडली गेली. मांडणारा स्पॅनिश स्थलांतरितांचा मुलगा होता. 1965 मध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश वाक्यरचनांची सविस्तर तुलना शिकागोहून छापली गेली. पुढे टीका झाली की तुलनेतून वर्तवलेल्या सगळ्या चुका प्रत्यक्षात होत नाहीत आणि न वर्तवलेल्या होतात. टीका रास्त होती. पण तिच्या भरात तुलनाच टाकून दिली गेली, हे नुकसान मोठं होतं.

स्पेनच्या शाळांत 1970 च्या दशकापर्यंत फ्रेंचचा वरचष्मा होता. नंतर इंग्रजी पुढे आली. 1990 च्या शिक्षण कायद्याने परकीय भाषा आठव्या वर्षापासून सुरू झाली, 2004 पासून माद्रिद प्रांतात सरकारी द्विभाषिक शाळा निघाल्या. मेक्सिकोने 2009 मध्ये प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय इंग्रजी कार्यक्रम आणला. भाषा किती येते याच्या पातळ्या ठरवणाऱ्या 2001 च्या युरोपीय चौकटीनंतर पुस्तकं ‘विद्यार्थ्याला काय करता येतं’ यावर रचली जाऊ लागली आणि मोठे प्रकाशक एकच पुस्तक सगळ्या बाजारांत विकू लागले. त्यात स्पॅनिशला जागाच उरली नाही. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ आले की ‘हॅव’, अशी खूण देऊन धडा संपतो. ब्रिटिश पुस्तकातला हा नियम मेक्सिकोच्या विद्यार्थ्याला फार काळ पुरत नाही. सीमेपलीकडच्या अमेरिकन इंग्रजीत ‘आय ऑलरेडी एट’ सर्रास बोललं जातं, आणि त्याचं स्वतःचं ‘या कोमी’ हुबेहूब तेच आहे.