लग्नाचा केक आणि पाव्हण्यांचं गोड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आधी हिशेब मांडू. रिसेप्शनला ३०० पाव्हणे धरले आणि प्रत्येकाला ५० ग्रॅमचा तुकडा द्यायचा म्हटलं, तर १५ किलो केक लागतो. मजल्यांचा, सजवलेला, चांगल्या क्रीमचा १५ किलो केक साध्या घरच्या लग्नाला जड जातो. शिवाय त्यातला बराचसा पैसा पाव्हण्यांच्या पोटात जात नाही. तो जातो उंचीत, साखरेच्या फुलांत, कारागिराच्या मजुरीत आणि गाडीतून जपून नेण्यात.

म्हणून कोणी मोबाइलवर पाच मजली केकचा फोटो दाखवला, की आम्ही आधी विचारतो, कापायला काय हवंय आणि खायला काय हवंय? कापायला एक-दीड किलोचा केक पुष्कळ झाला. फोटोत तेवढाच दिसतो. खायचं गोड कढईतून किंवा भगुन्यातून येऊ द्या. आमच्या जालन्याच्या दुकानात केकही होतात आणि मिठाईही, त्यामुळे कोणा एकाची वकिली करायची आम्हाला गरज नाही.

उंच केक आणि आपला वैशाख

मजल्यांचा केक ही मूळची इंग्लंडकडची रीत. १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातला केक सुमारे ३०० पौंडांचा होता, म्हणजे १३६ किलोच्या आसपास. पण तो सुक्या मेव्याचा घट्ट केक, आणि वरून साखरेचं कडक कवच. असा केक महिनोन्महिने टिकतो आणि एकावर एक मजले पेलतो. आपल्याकडे आज मिळतो तो मऊ स्पंजचा आणि फेटलेल्या क्रीमचा. वैशाखात जालना, परभणी, नांदेडला पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्री आठलाही लॉनवर हवा तापलेलीच असते. तिथे क्रीम अर्ध्या तासात ढिलं पडायला लागतं. आधी फुलांच्या कडा गळतात, मग वरचा मजला एका अंगाला कलतो. त्यात नवरा-नवरी स्टेजवर वेळेत आल्याचं कधी ऐकलंय?

दुसरं असं, की उंच केकात खालचे मजले बऱ्याचदा थर्माकोलचे असतात आणि वरून लेप दिलेला असतो. सांगून केलं तर यात काही वावगं नाही. पण केक कुठूनही घ्या, ‘यात खायचा केक किती किलो’ हे विचारून पावतीवर लिहून घ्या.

जालना-संभाजीनगरच्या ख्रिस्ती घरांत केक पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे, तिथे तो मानाचा असतो. त्या मंडळींना आम्ही केक टाळा म्हणत नाही. उलट सुक्या मेव्याचा अस्सल केक करा, फक्त तो तीन-चार किलोचाच करा. आठवडाभर आधी करून ठेवता येतो, मुरला की चव वाढते, आणि इतका भरगच्च असतो की २५ ग्रॅमचा तुकडा पुरतो.

केकच खायला द्यायचा असेल तर

घरातल्या पोरांना केकच हवा असतो, हे आम्हालाही कळतं. मग स्टेजवर एक किलोचा सजवलेला केक ठेवा आणि त्याच चवीचा साधा केक आमच्याकडून मोठ्या ट्रेमध्ये घ्या. फुलं नाहीत, मजले नाहीत, वर क्रीमचा एक पातळ हात. भटारखान्यात त्याचे चौकोन कापून कागदी वाट्यांत भरले, की कोणालाही फरक कळत नाही. किलोमागे दर बराच खाली येतो, कारण मजुरी वाचते. मार्च ते जूनमध्ये आम्ही यात क्रीमऐवजी जॅम किंवा चॉकलेटचा लेप सुचवतो.

लाडवांचा मनोरा

आमच्याकडचा सगळ्यात जास्त खपणारा पर्याय हाच, आणि खरं सांगायचं तर आमचा आवडताही. फ्रान्समध्ये लग्नाला क्रीम भरलेले छोटे पोकळ गोळे साखरेच्या पाकाने चिकटवून त्यांचा उंच शंकू रचतात, त्याला क्रोकाँबूश म्हणतात. आपल्याला तिकडे बघायची तरी काय गरज? रुखवतात लाडू, करंज्या, अनारसे रचून मांडायची आपली जुनी हौस आहे. तीच जरा उंच करायची.

बुंदीचा लाडू ४० ग्रॅमचा धरतो. तळाला नऊ बाय नऊ, त्यावर आठ बाय आठ, असं वर एका लाडवापर्यंत गेलं की २८५ लाडू बसतात, वजन साडेअकरा किलोच्या आत. तळाची बाजू सव्वा फुटाची होते, उंची फुटाला थोडी कमी. उंची आणखी हवी असेल तर खाली तीन पायऱ्यांचा स्टँड देतो. पाव्हणे कमी असतील तर आठ ओळींचा मनोरा २०४ लाडवांचा होतो, सात ओळींचा १४० चा. चारशेच्या घरात पाव्हणे असतील तर दहा ओळी, ३८५ लाडू.

मनोरा उभा राहतो तो पाकावर. पाक एकतारी असतानाच बुंदी टाकावी लागते. पाक पुढे गेला तर लाडू वळताना फुटतो, कच्चा राहिला तर तळाचे लाडू वरच्या वजनाने बसतात. बेसन झाऱ्यावरून पडताना दाणा गोल पडला पाहिजे, शेपटी राहिली तर पीठ घट्ट आहे. मनोऱ्याच्या लाडवाला आम्ही बुंदी बारीकच पाडतो, नेहमीच्या लाडवापेक्षा जरा घट्ट वळतो आणि रात्रभर परातीत मोकळे ठेवतो. सकाळी वरची साल सुकलेली असते. मग कार्यालयात नेऊन रचतो. ओळीओळीत चिकटवायला काहीही वापरत नाही, त्यामुळे वाटताना लाडू अखंड निघतो. मधूनमधून शेवंतीची फुलं लावायची असतील तर ती धुतलेली द्या, आणि फवारणीची नकोत.

खर्चाचं गणितही सोपं. नऊ ओळींना बेसन साधारण साडेतीन किलो, साखर त्याच्या पावणेदोनपट, वर तळणाचं तूप किंवा तेल. यात दूध नाही, खवा नाही. म्हणून स्वस्त, आणि म्हणूनच उन्हात दोन-तीन दिवस टिकणारं.

नवरा-नवरीने मनोऱ्याच्या टोकाचा लाडू एकमेकांना भरवायचा. सुरी लागत नाही.

कढईतलं गरम

रिसेप्शनला बुफे असेल तर जिलेबीची कढई पाव्हण्यांसमोर मांडा. मैदा आणि साखर एवढ्यावर भागतं, आणि लेकरं तिथून हलत नाहीत. पीठ आदल्या रात्री आंबवायला लागतं, त्यामुळे ऐनवेळी ‘जिलेबी पण करून टाका’ असं होत नाही. कढई मंडपाच्या कापडापासून लांब आणि वाऱ्याच्या आडोशाला हवी, ती जागा आधी ठरवून ठेवा.

बालूशाही किलोत साधारण २० बसतात, टिकायला लाडवासारखीच. तिचाही मनोरा करतात, पण घसरते. आम्ही ती परातीत मांडायला देतो.

गव्हाची लापशी मात्र लोक उगाच विसरलेत. एक किलो दलिया, पाऊण ते एक किलो गूळ, तूप, वरून खोबऱ्याचे काप, आणि ४० जणांना वाटी-वाटी पुरते. गावाकडच्या पंगतीला हे चालतंच. शहरातल्या रिसेप्शनलाही छोट्या मातीच्या वाटीतून, वर तुपाची धार सोडून दिली तर पाव्हणे दुसऱ्यांदा मागतात.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हैदराबादची काही गोडं आपल्याकडे घरचीच झाली. डबल का मीठा त्यातलं. पावाच्या चकत्या तळून दूध-साखरेत मुरवायच्या, वर बदाम-काजू. ट्रेमध्ये थापून चौकोन कापले की दिसायलाही केकच्या जवळ जातं, आणि खर्च आवाक्यात राहतो. खुबानीचा म्हणजे सुक्या जर्दाळूचा मीठा चवीला वरचढ आहे, पण खुबानीचा भाव बघता तो या पत्रकात बसत नाही.

दुधाचं गोड : जरा सांभाळून

गुलाबजाम सगळ्यांना आवडतो, पण त्याचा खर्च लोकांना आधी कळत नाही. एक किलो खव्यात मैदा मिसळून ६० च्या आसपास गुलाबजाम होतात. माणशी दोन धरले तर ३०० जणांना ६०० नग, म्हणजे १० किलो खवा. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं तेव्हा कुठे किलोभर खवा निघतो, म्हणजे हे ५० लिटर दूध झालं. आपल्या धाराशिव जिल्ह्यात भूम-कुंथलगिरीचा खवा नावाजलेला आहे, आम्हीही तिकडचाच घेतो. पण लग्नसराईत त्याचा भाव रोज बदलतो. एकच गुलाबजाम द्या आणि सोबत बुंदी, हा मधला रस्ता.

सीताफळाची रबडी हा आमचा हिवाळ्याआधीचा माल. बीडकडचं सीताफळ ऑगस्टपासून यायला लागतं, तुळशीचं लग्न लागून पहिले मुहूर्त निघतात तोवर हंगाम उतरलेला असतो, मग साठवलेला गर वापरावा लागतो. गर दुधात उकळला तर कडवट होतो. म्हणून दूध आटवून पूर्ण गार केल्यावरच गर घालतो. कोणी गरम सीताफळ रबडीचा आग्रह धरला तर आम्ही नाही म्हणतो.

मे-जूनला केशर आंबा असतो, तेव्हा बाकी कशाचा विचारच करू नका. आमरस पुरे.

रसमलाई, बासुंदी आणि श्रीखंड एप्रिल-मेमध्ये उघड्या लॉनवर आम्ही देत नाही. कार्यालयात मोठा फ्रिज आणि जनरेटर असेल तरच ऑर्डर घेतो. गिऱ्हाईक परत जातं याचं वाईट वाटतं, पण वऱ्हाडाला जुलाब लागलेले त्याहून वाईट.

हे आधी बोलून घ्या

घरात माळकरी किंवा जैन मंडळी असतील तर पहिल्या भेटीतच सांगा. बिनअंड्याचा केक आम्ही वेगळ्या भांड्यांत आणि वेगळ्या वेळी करतो. कापायचा केक बिनअंड्याचाच घेतलेला बरा, कारण तुकडा कोणाच्या तोंडात जाईल सांगता येत नाही.

सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. आमच्या प्रत्येक ट्रेवर चिठ्ठी असते, ती काढून टाकू नका. भडक रंगाची बुंदी आम्ही करत नाही. खायच्या रंगालाही कायद्याने मर्यादा आहे, आणि केशरी रंग थोडा फिका दिसला म्हणून लाडवाची चव जात नाही.

काही मंगल कार्यालयं बाहेरचं गोड आणलं तर वेगळे पैसे लावतात. हॉलचा करार करतानाच विचारा, नाहीतर इकडे वाचवलेलं तिकडे जातं.

पंगत असेल तर सगळे आकडे दीडपट धरा. आपल्याकडे आग्रह होतो, व्याह्यांच्या ताटात एक लाडू वाढून वाढपी पुढे जात नाही. बुफेला वर दिलेले आकडे पुरतात. उरलेले लाडू-बालूशाही दुसऱ्या दिवशी वाटता येतात, उरलेलं दुधाचं गोड मात्र रात्रीच संपवा किंवा टाकून द्या.

ऑर्डरचं

दर या पत्रकात छापलेले नाहीत, कारण साखर, तूप आणि खव्याचे भाव हलत असतात. दुकानात आलात की त्या दिवशीचा दर लिहून देतो. निम्मी रक्कम भरली की तो दर तुमच्या कार्याच्या तारखेपर्यंत तोच राहतो, खव्याच्या मालाचा सोडून. दाट मुहूर्तांना महिनाभर आधी या, एरवी आठ दिवस चालतात. पाव्हण्यांचा पक्का आकडा चार दिवस आधी कळवा, त्यानंतर वाढवता येतो, कमी करता येत नाही.

मनोऱ्याचा स्टँड, परात आणि जिलेबीची कढई कार्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत द्यावी. स्टँडसाठी अनामत घेतो, ती तिथल्या तिथे परत मिळते.