क्लोरीनचे साडेपस्तीस आले कुठून?

ठाण्यात नौपाड्यात मी नववी-दहावीच्या मुलांचे सायन्सचे क्लास घेते आणि दर वर्षी समस्थानिकांचा धडा आला की कोणीतरी विचारतंच, टीचर, प्रोटॉन पूर्ण, न्यूट्रॉन पूर्ण, मग क्लोरीनचं अणुवस्तुमान 35.5 कसं, अर्धा न्यूट्रॉन असतो का? यंदा एका मुलीने वहीत त्या आकड्याभोवती पेनने इतके गोल काढले होते की कागद फाटायला आला होता. मला फार बरं वाटलं ते बघून, कारण याच अर्ध्याने भल्याभल्यांना शंभर वर्षं छळलंय.

डाल्टनने 1803 च्या सुमारास हायड्रोजन 1 धरून बाकीच्या अणूंची वजनं मांडायला घेतली. मग 1815 मध्ये लंडनचे एक डॉक्टर, विल्यम प्राऊट, यांच्या लक्षात आलं की बरेचसे आकडे पूर्णांकाच्या जवळ येतायत, म्हणजे सगळी मूलद्रव्यं हायड्रोजनचीच घडलेली असतील का? किती सुंदर कल्पना, पण लेख त्यांनी स्वतःचं नाव न घालताच छापला. आणि क्लोरीन काही त्यात बसेना. स्वीडनच्या बर्झेलियसने मोजलं तरी साडेपस्तीसच्या आसपास, पुढे 1860 च्या दशकात ब्रसेल्सच्या स्टास यांनी वर्षानुवर्षं चांदी आणि क्लोरीनची संयुगं काटेकोर तोलली तरी तेच, शेवटी त्यांनी प्राऊटची कल्पना मोडीतच काढली. स्टास यांचं मोजमाप चोख होतं हे मी मुलांना आवर्जून सांगते. तांदळात दोन जातींचे दाणे मिसळलेले असले तरी काटा एकूण वजनच दाखवणार ना.

तोपर्यंत वर्णपटाची, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फोडून बघायची, युक्ती हाती आली होती. मिठाचं पाणी उतू जाऊन गॅसवर पडलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते, घरोघरी दिसतं हे, तो पिवळा रंग सोडियमचा. हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्शहॉफ यांनी ज्योतीचा असा प्रकाश लोलकातून पाहिला आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात हे दाखवलं, त्यावरूनच 1860 ला सीझियम आणि 1861 ला रुबिडियम सापडलं. पण रेषा बघून मूलद्रव्य कुठलं ते कळत होतं, त्यात हलके-जड अणू मिसळलेत का ते काही दिसत नव्हतं.

वाट निघाली ती किरणोत्सारावरून, म्हणजे आपोआप किरण सोडणाऱ्या पदार्थांच्या अभ्यासातून. ग्लासगोला फ्रेडरिक सॉडी यांना असे पदार्थ मिळत होते की वजन वेगळं पण रासायनिक वागणूक अगदी एक, काही केल्या वेगळे होईनात, म्हणजे आवर्तसारणीत दोघांची जागा एकच. 1913 मध्ये त्यांनी त्यांना आयसोटोप म्हटलं, आपण समस्थानिक म्हणतो, अर्थ तोच, समान जागा. हा शब्द सुचवला मार्गारेट टॉड नावाच्या स्कॉटिश डॉक्टर बाईंनी. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्याच सुमारास केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांना निऑन वायूच्या अणूंच्या फोटोच्या काचेवर एका खुणेच्या जागी दोन दिसल्या, एक वस्तुमान 20 ची आणि एक 22 ची. मध्ये महायुद्ध झालं, आणि 1919 मध्ये त्यांचेच सहकारी अ‍ॅस्टन यांनी मास स्पेक्ट्रोग्राफ बांधला, त्यात वायूच्या अणूंवर विद्युतप्रभार आणायचा, वेगाने सोडायचे, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून वळवायचे, हलके जास्त वळतात जड कमी, आणि फोटोच्या काचेवर वस्तुमानाप्रमाणे वेगवेगळ्या रेषा उमटतात. क्लोरीन सोडल्यावर काचेवर 35, 36, 37, 38 अशा रेषा आल्या, त्यातल्या 36 आणि 38 हायड्रोजन चिकटलेल्या क्लोरीनच्या. आणि साडेपस्तीसच्या जागी काहीच नाही! तसा अणू जगात कुठे नव्हताच, दर चार अणूंत साधारण तीन 35 चे आणि एक 37 चा, त्यांची सरासरी तेवढी साडेपस्तीस. त्या मुलीच्या वहीत मी गोलाशेजारी एवढंच लिहून दिलं, 35, 35, 35, 37, कर बेरीज आणि भाग चारने. 142 भागिले 4. ती आकड्याकडे बघतच राहिली.

वर्णपटानेही पुढे कमाल केली. 1931 मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड यूरी यांनी द्रव हायड्रोजन हळूहळू उडवून शेवटी उरलेल्याचा प्रकाश तपासला, तर 656.3 नॅनोमीटरच्या लाल रेषेशेजारी, जेमतेम 0.18 नॅनोमीटरवर, एक पुसट रेषा होती. तोच ड्युटेरियम, जड हायड्रोजन, साध्या पाण्यातल्या साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंत एक. वाशीच्या खाडीपुलावरून ट्रॉम्बेची टेकडी दिसते ना, तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत याच ड्युटेरियमचं जड पाणी वापरतात, आणि अलिबागजवळ थळला ते बनवायचा कारखाना आहे.

ऑक्सिजननेही घोळ घातला. पुढे हायड्रोजन 1 ऐवजी सगळे ऑक्सिजन 16 धरून मोजत होते, 1929 ला त्यातही 17 आणि 18 सापडले, मग भौतिकवाले नुसता ऑक्सिजन-16 धरायचे आणि केमिस्ट्रीवाले नैसर्गिक मिश्रण, म्हणजे एकाच अणूचे दोन आकडे. 1961 पासून सगळ्यांनी कार्बन-12 म्हणजे बरोबर 12 असं धरलं.

आता तर अधिकृत तक्त्यात क्लोरीनसमोर एकच आकडा नसतो, 35.446 ते 35.457 अशी रेंज देतात, कारण 35 आणि 37 चं प्रमाण नमुना कुठून घेतला त्याप्रमाणे किंचित बदलतं. बोर्डाच्या पेपरात मात्र 35.5 च लिहायचं, तेवढं मी वर्गात दोनदा सांगते.